घरात निकाल न्हाय

पुण्यातले माझे मित्र शनिवार-रविवार जोडून कोल्हापूरला खायला निघाले की आधी मला फोन करतात. "तू शिकायला होतास ना तिथं? मग कुठं खायचं ते सांग." मी सांगतो, कुठंही जा, गर्दी दिसेल तिथं उभे राहा, फसणार नाही. त्यांना वाटतं मी भाव खातोय. खरी गोष्ट अशी, की कुठल्याही गाड्याचं नाव तोंडात आलं की त्या गाड्यासमोर मला आमचे घरमालक उभे दिसतात. इस्त्रीचा पांढरा हाफ शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट आणि वरच्या खिशात रुमालात गुंडाळलेला स्वतःचा स्टीलचा चमचा. ते गेल्यापासून मी कोल्हापुरात मिसळ खाल्लेली नाही.

आम्ही भाडेकरू पोरं त्यांना काका म्हणायचो. एका सहकारी बँकेतून ते अधिकारी म्हणून रिटायर झाले होते. आयुष्यभर लोकांच्या सह्या तपासल्या, त्यामुळे नजर संशयी झालेली. ती नजर रिटायर झाल्यावर गावातल्या गाड्यांकडे वळली. रोज सकाळी आणि संध्याकाळी ते स्कूटर काढायचे आणि म्हणायचे, "राऊंडला चाललोय." पोलीस इन्स्पेक्टरनं म्हणावं तसं.

चमच्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "गाड्यावरचा चमचा मागच्या गिऱ्हाइकाची चव घिऊन येतोय. मला माझी चव पायजे." यावर वाद घालण्यात अर्थ नसायचा. ते कधी बाकड्यावर बसले नाहीत. करणाऱ्याकडे तोंड करून, त्याच्या डोळ्यांत बघत उभ्यानं खायचे. आणि खाताना बोलायचं नाही. एकदा मी अर्ध्या मिसळीत "काय झालीय काका!" असं म्हणून गेलो, तर मयताच्या घरी शिट्टी वाजवल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. खाऊन झालं, घोटभर पाणी पिऊन झालं, चमचा पुसून पुन्हा रुमालात गेला, की मग निकाल.

निकाल एका शब्दाचा. "झोपलाय" म्हणजे कटात जीव नाही. "वरडतुया" म्हणजे नुसतं तिखट, चव नाही. "घाईचा" म्हणजे मसाला नीट भाजलेला नाही. आणि सगळं जिथल्या तिथं असलं, की मान किंचित खाली घालून म्हणायचे, "व्हय." बस्स, एवढंच. हा शब्द फार थोड्यांच्या नशिबी आला. बंडा नावाच्या मिसळवाल्याला तो एकदा मिळाला, तर त्यानं त्या दिवशी उरलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना शेव जास्त घातली आणि पुढं वर्षभर ज्याला त्याला ती गोष्ट सांगत बसला.

माझी आणि त्यांची पहिली भेटही बंडाच्या गाड्यावरच झाली म्हणायला हरकत नाही. मी खोली बघायला गेलो होतो. त्यांनी कुठला म्हणून विचारलं, मी पुण्याचा म्हटलं, आणि ते बूट घालायला लागले.

"चल."

"कुठं काका? खोली..."

"खोली कुठं पळून चाललीया? आधी माणूस बघू दे कसला हाय."

बंडानं माझ्यासमोर मिसळ ठेवली आणि बाजूला ब्रेडच्या स्लाइस. मी अगदी सहज विचारलं, "पाव नाही का?" बंडाचा कटाचा डाव हवेत थांबला. शेजारचे दोघं खायचे थांबले. काका शांतपणे बंडाला म्हणाले, "पावणं हाईत. समजून घे." मग मी खाल्लं. डोळ्यांतून, नाकातून, कानांच्या मागून पाणी आलं, पण ताट संपवलं. घरी आल्यावर त्यांनी बाहेरूनच काकूंना हाक मारली, "अगं, दे त्याला खोली. रडला, पण ताट सोडलं न्हाय."

या माणसाच्या तोंडाला दार नव्हतं. एका वडेवाल्याच्या गाड्यावर ऐन गर्दीत म्हणाले, "तेल बदल. काल रातीचं हाय." निम्मी गिऱ्हाइकं तिथल्या तिथं पांगली. वडेवाला झारा घेऊन त्यांच्या अंगावर आला, लोकांनी आवरला म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच वडेवाला नव्या तेलातले वडे कागदात बांधून घरी हजर. काका पेपर वाचत होते. उठले, चमचा घेतला आणि त्याला घेऊन उंबऱ्याबाहेर गेले. "घरात निकाल न्हाय. दारात ये." दारात उभं राहून वडा खाल्ला, पाणी प्याले आणि म्हणाले, "आता बरोबर." वडेवाला हात जोडून गेला.

गाडेवाल्यांनी ऐकून घेतलं, नातेवाइकांनी नाही. शिरोळला काकूंच्या भावाच्या घरी लग्न होतं. पंगतीत पांढरा रस्सा आला. काकूंचा भाऊ हौसेनं जवळ येऊन म्हणाला, "दाजी, कसा झालाय?" दाजींनी पाणी पिऊन सांगितलं, "नारळ पाण्यात पडलाय." चारचौघं हसले. मेहुणा हसला नाही. त्या घरातून काकूंना माहेरचं बोलावणं पुढं कित्येक वर्षं आलं नाही. काकू याबद्दल कधी बोलल्या नाहीत. दिवाळीला मात्र त्या दाराकडं जरा जास्त बघायच्या.

काकू म्हणजे लहानखुरी, चटपटीत बाई. हसायला लागल्या की पदर तोंडावर घेऊन भिंतीला टेकायच्या. स्वयंपाकाला अशा, की आम्ही पोरं मेस लावूनसुद्धा संध्याकाळी त्यांच्या दारावरून उगाच दोनदा जायचो. आणि त्यांची चटणी. कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षभराचं तिखट, कांदा-लसूण घातलेलं, ज्याच्यावर घरातली भाजी-आमटी चालते. ती उन्हाळ्यात करायची. आठवडाभर घर त्या कामात असायचं. गच्चीवर मिरच्या वाळत घातलेल्या, चुलीवर खोबरं, तीळ, धने भाजले जाताहेत, आम्ही भाडेकरू वरच्या खोल्यांत खोकतोय, आणि मग डोक्यावर टॉवेल गुंडाळून डंकावर कुटून आणायला रांगेत उभं राहायचं काम आमच्याकडं. डंकावरची माणसं शिंकून शिंकून लाल झालेली असायची. घरी आलं की काकू खडा मीठ, हिंग घालून ती बरण्यांत दाबून भरायच्या.

त्या दिवशी त्या एक गोष्ट दरवर्षी करायच्या. भाकरीच्या तुकड्यावर तेल आणि ताज्या चटणीची चिमूट घेऊन काकांसमोर धरायच्या. "बघा की जरा." काका खायचे. पाणी प्यायचे. आणि स्कूटरची किल्ली घेऊन राऊंडला जायचे.

"बघ बाबा," काकू एकदा मला म्हणाल्या, "त्या बंड्याला म्हणत्यात, त्या भेळवाल्याला म्हणत्यात. मला एकदा 'व्हय' म्हणाय काय हुतंय रं ह्यास्नी?" त्या हसतच म्हणाल्या होत्या. पण तुकडा तसाच हातात होता.

मला राग आला. त्या वयात असा राग लवकर येतो. संध्याकाळी काकांबरोबर दूध कट्ट्यावर गेलो. राऊंड तिथं संपायचा. म्हशी बांधलेल्या, गवळी समोर धार काढून फेसासकट पेला हातात देतो, कोमट, नुसतं. काका म्हणायचे, दिवसभराची जीभ हितं धुवून घ्यायची. मी विचारलं, "काका, काकूंच्या हातच्या खाण्याला तुम्ही कधीच काही का म्हणत नाही?"

त्यांनी पेल्यातला फेस जरा हलवला.

"आमचा बा ताट फेकायचा," ते म्हणाले. "आमटीत मीठ कमी पडलं, फेकलं. भाकरी करपली, फेकलं. आई भिंतीवरची आमटी पुसायची आन् पुन्हा चुलीम्होरं बसायची. मी ठरवलं, आपुन घरात निकाल द्यायचा न्हाय."

"वाईट म्हणू नका. चांगलं तरी म्हणा!"

"तुला कळत न्हाय. एकदा चांगलं म्हणाय लागलो, की ज्या दिशी म्हणणार न्हाय त्या दिशी गप बसणंबी निकालच हुतोय. तिनं माझ्या तोंडाकडं बघत जेवाण वाढावं असं मला नको हाय." पेला रिकामा करून त्यांनी मिशीवरचा फेस पुसला. "घरात निकाल न्हाय."

आजही मला त्यांची बाजू पटते आणि काकूंच्या हातातला तुकडाही दिसतो. दोन्हीचं काय करायचं ते मला कधी सुचलं नाही.

शिक्षण संपलं, पुण्यात नोकरी लागली. मी दोन-तीन महिन्यांतून एकदा शनिवारी सकाळची एसटी पकडून कोल्हापूरला जायचो, रविवारी परत. ऑफिसात सांगायचो, खायला चाललोय. अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्याची भेळ, रात्री तांबडा-पांढरा, आणि सगळीकडे समोर उभे काका. नंतर ती साथ आली. पहिल्या वर्षी दोघं वाचली. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात काकूंनी चटणी केली आणि बरण्या भरून फळीवर लावल्या, तेवढ्यात दोघांनाही ताप भरला. दोन वेगळ्या वॉर्डांत ठेवलं होतं. काका घरी आले. काकू आल्या नाहीत. काकांना त्यांचं तोंड शेवटचं बघायलाही कुणी सोडलं नाही.

मी जाऊ शकलो ते खूप उशिरा. काका स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले होते. मला म्हणाले, "घराला तिचा वासच येईना झालाय बघ. एवढ्यात कसा जाईल? चाळीस वर्षं फोडणी दिली तिनं हितं." मग त्यांनी हातातला लसूण माझ्यापुढं धरला, ठेचलेला, बोटांना चिकटलेला. "ह्याचाबी येईना."

तेव्हा मला कळलं. ताप जाताना जीभ आणि नाक घेऊन गेला होता.

बाकीच्यांचं असं जातं आणि महिन्या-दोन महिन्यांत परत येतं. काकांचं आलं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, वाट बघा. ते रोज सकाळी उठून एकेक डबा उघडून नाकाला लावायचे. हिंग, बाम, स्कूटरचं पेट्रोल. काही नाही. तेरावा, वर्षश्राद्ध, पाहुणेरावळे यांत काकूंच्या बरण्या एकेक करून रिकाम्या झाल्या. एक उरली, तीही लहान, पांढऱ्या चिनी मातीची. तिच्या तोंडाला काकूंनी बांधलेलं फडकं तसंच होतं. काकांनी ती सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

"ही उघडायची न्हाय," ते मला म्हणाले. "माझी जीभ आली की उघडणार. तिला एक सांगायचं ऱ्हायलंय."

काय सांगायचं राहिलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

मग सुरू झाली ती शर्यत. एकीकडं काकांची जीभ, दुसरीकडं ती बरणी. चटणी वर्षभर राहते, नीट ठेवली तर दीड-दोन वर्षं. नंतर तिचा वास उडतो, खोबरं खवट होतं, जाळी धरते. शिरोळला दिलेली त्यांची मुलगी आली की म्हणायची, "अप्पा, खाऊन टाका की ती. किडं पडतील." ते म्हणायचे, "हात लावू नको." वारा लागेल म्हणून फडकं कुणाला सोडू द्यायचे नाहीत. महिन्यातून एकदा स्टुलावर चढून बरणी नुसती हातात घ्यायचे, वजन बघितल्यासारखं करायचे आणि परत ठेवायचे.

आणि राऊंड चालूच होता. जीभ आली का, हे बघायला दुसरी कुठली जागा त्यांना माहीत होती? मी गेलो की मला बरोबर घ्यायचे. गाडेवाल्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. काकांनी सांगू दिलं नव्हतं. ते पहिल्यासारखेच पहिली प्लेट त्यांच्यापुढं ठेवायचे आणि हात पुसत उभे राहायचे. मग काका, ज्यांनी मला खाताना बोलल्याबद्दल कधी माफ केलं नव्हतं, ते ओठ न हलवता विचारायचे, "कसं लागतंय?"

मी नाक पुसायच्या निमित्तानं रुमालात पुटपुटायचो, "मीठ जास्त." काका पाणी पिऊन जाहीर करायचे, "खारट." गाडेवाला मान डोलवायचा. एकदा मी म्हटलं, "बरी आहे." तर काका घाटातल्या ड्रायव्हरसारखे माझ्यावर डाफरले, "बरी म्हंजे काय? बरी माणसाची तब्येत असती. नीट सांग." अशी आमची चोरी चालली होती. आम्ही दोघं कधीकधी त्यावर हसायचोही. पण स्कूटरवर मागं बसलं की त्यांची पाठ किती वाळलीय ते दिसायचं.

एका भेळेच्या गाड्यावर खरंच सगळं जिथल्या तिथं होतं. मी पुटपुटलो, "काका, व्हय म्हणा." त्यांनी मान हलवली.

"ते न्हाय," घरी जाताना म्हणाले. "खारट-आळणी तुझं घीन. 'व्हय' उसनं घ्यायचं नसतंय."

काकू जाऊन अशी दोन वर्षं होत आली. मग थंडीतल्या एका शनिवारी आम्ही बंडाच्या गाड्यावर गेलो. काकांनी चमचा कटात बुडवला, फुंकला, तोंडात घातला. आणि थांबले. मला वाटलं ठसका लागला. त्यांनी दुसरा चमचा घेतला.

"लागलं," ते म्हणाले. खाता खाता म्हणाले. "लागलं की रं काहीतरी!"

"काय लागलं काका?"

तिसरा चमचा. डोळे मिटले. "खवट," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की तसा मी कधी बघितला नव्हता. "खवट हाय! बंड्या, तुझा कट खवट हाय!"

बंडाचं तोंड पडलं. "आवो काका, सकाळीच नवा तेलाचा डबा फोडलाय. देवाशपथ."

"खवट हाय रं, खवट!" काकांनी त्याला गाड्याच्या वरून हात टाकून मिठी मारली. चार गिऱ्हाइकं आ वासून बघत होती. बंडाला हसावं की रडावं कळेना. मी माझ्या ताटातली मिसळ पुन्हा नीट खाऊन बघितली. मला ती चांगली लागत होती. मी तसं म्हटलंही. काकांनी माझ्या पाठीत एक थाप घातली, "तू पुण्याचा. तुला काय कळतंय?"

पुढचा राऊंड त्यांनी रद्द केला. थेट घर. वाटेत स्कूटर एवढी पळवली की मी डोळे मिटून घेतले. घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले, घामाचा शर्ट बदलून धुतलेला घातला. स्टुलावर चढले. मी धरतो म्हटलं तर धरू दिलं नाही. बरणी उतरवून, काकू चुलीपाशी बसायच्या त्या पाटासमोर ठेवली आणि स्वतः खाली बसले. मी त्यांना जमिनीवर बसून खाताना पहिल्यांदा बघत होतो.

फडक्याची गाठ सुटली. झाकण निघालं आणि मला लागोपाठ शिंका आल्या. काका माझ्या शिंकांकडे बघून हसले, लहान मुलासारखे. सकाळची भाकरी होती. तुकड्यावर तेल, त्यावर चमच्याच्या टोकानं चिमूटभर चटणी. रंग जरासा उतरला होता, एवढंच. त्यांनी खाल्लं. मला वाटत होतं, आता म्हणतील. आत्ता.

ते पाणी प्याले. पुन्हा एक तुकडा घेतला. पुन्हा पाणी. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"खवट झालीया," ते म्हणाले.

मी बरणीत बोट घातलं. आधी लसूण आला, मग भाजलेलं खोबरं, मग कानामागून चढत येणारी ती ओळखीची आग. काकूंची चटणी. तशीच्या तशी. "काका, अहो चांगली आहे! काही झालेलं नाही हिला."

"मघाशी बंड्याची मिसळबी तुला चांगलीच लागली."

"तीसुद्धा चांगलीच होती! काका, तुमची जीभ..."

"माझी जीभ सांगाय लागलास व्हय तू मला?" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "उशीर झाला. मी थांबलो, तवर ती गेली."

ते बरणी घेऊन उठले. खराब झालेली वस्तू ते एक क्षण ठेवू देत नसत. कुणाच्यातरी पानात जाईल म्हणून आयुष्यभर गाडेवाल्यांना टाकायला लावली होती त्यांनी. मी बरणीला हात घातला. ते म्हणाले, "सोड. माझ्या घरातलं हाय." एवढ्या वर्षांत त्यांनी घरात दिलेला तो पहिला निकाल होता, आणि तो असा होता. माझा हात सुटला. मागच्या मोरीत त्यांनी बरणी उपडी केली आणि वरून बादलीनं पाणी ओतलं. लाल पाणी फिरत फिरत गेलं. आमच्या दोघांच्याही डोळ्यांची आग आग झाली. भिंतीपलीकडून शेजारच्या बाई खोकत म्हणाल्या, "काका, चटणी कराय लागलाय व्हय? ठसका बसला की आमाला!"

मी काकांकडे बघितलं. ते रिकामी बरणी विसळत होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी मी राहिलो नाही. रागच आला होता, खोटं कशाला बोलू. एसटीत बसलो तर बोटांना चटणीचा वास. कराड गेलं तरी होता. साबणानं धुवावा असं मला वाटलं नाही.

नंतर काका राऊंडला जायचे बंद झाले. मुलगी त्यांना शिरोळला घेऊन गेली. तिच्याकडून कळायचं, जेवत नाहीत, थंड दही-भात तेवढा दोन घास जातो, तोही नाक धरून. वजन उतरत चाललंय. मग एके दुपारी त्यांचाच फोन आला. आवाज इतका बारीक, की मी आधी ओळखलाच नाही. मागं रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते.

"दूध खवट लागतंय रं," ते म्हणाले. "केळं खवट. काल नुसतं पाणी प्यालो, तेबी खवट. डॉक्टर म्हणतोय, काही लोकांचं असं हुतंय. नस उगवली, पण वाकडी उगवली."

एक ट्रॅक्टर गेला, दुसरा गेला.

"बंड्याचं तेल नवंच हुतं, न्हवं?"

"हो काका."

पलीकडून त्यांचा श्वास ऐकू आला.

"आन् चटणी? खरं सांग. तोंडदेखलं नको. कशी हुती?"

खवट होती म्हणणं किती सोपं होतं. ते शांत झोपले असते. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण मग चाळीस वर्षं भाकरीचा तुकडा हातात धरून उभी राहिलेली ती बाई कायमची तशीच उभी राहिली असती. माझी दोघांवरही माया होती. दोघांना वाचवता येत नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो.

तिकडून आणखी एक ट्रॅक्टर गेला.

"बरं झालं," काका म्हणाले. "कुणीतरी म्हणालं तिला."